हात पोचत नाही तिथं

पूल ओलांडला तरी मावशी माझ्यापासून हातभर लांबच चालत होत्या. दवाखान्यापासून घर तासाभराच्या वाटेवर, पण बसमध्ये कुणी शेजारी बसेल म्हणून त्या पायी निघालेल्या. एकटीला कसं सोडायचं म्हणून मीही.

मावशी माझ्या शेजारच्या खोलीत एकट्याच राहतात. सव्वीस वर्षं वृद्धाश्रमात आया आहेत. ज्यांना उठवत नाही त्यांना आंघोळ घालतात. "एक आजोबा मला शिव्या देतात आणि पाठ पुढे करतात," असं सांगून हसायच्या.

दोन महिन्यांपूर्वी बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेला बारीक पुरळ उठलं. आधी साबणावर आळ घेतला, मग उन्हाळ्यावर, मग ढेकणांवर. गादीला चार उन्हं दिली. खाज काही हटेना. शेवटी डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं: खरूज. बरं होईपर्यंत कामावर यायचं नाही, असं आश्रमाने सांगितलं.

मलम लावून महिना झाला, तरी आज नवे फोड दिसले. डॉक्टर म्हणाले, "किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहते, पण नवे फोड येऊ नयेत. गळ्यापासून तळपायापर्यंत लावलंत ना?"

"लावलं की," मावशी ठासून म्हणाल्या.

डॉक्टरांनी तेच मलम पुन्हा दिलं. आज लावायचं, आठवड्याने परत.

"चादरी उकळल्या, कपडे उकळले," मावशी चालता चालता म्हणाल्या. "आता मीच तेवढी उकळायची राहिलेय."

मला हसू आलं. मग विचारलं, "पाठीला कसं लावलंत?"

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "कडेकडेने पोचला हात. मधे लाटण्याला फडकं गुंडाळून बघितलं. नाही जमलं."

"मग डॉक्टरांना खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? घरात लावायला कुणी नाही म्हणून?"

माझी मान खाली गेली. रोज दिव्यापुढे मी त्यांच्यासाठी हात जोडत होते, आणि जेवणाचं ताट मात्र उंबऱ्याबाहेर ठेवून मागच्या मागे परतत होते. देवाने सगळं बघितलंच असेल.

जिन्यापाशी मावशी थांबल्या. पिशवीतून एक पुडी काढून त्यांनी कठड्यावर ठेवली आणि स्वतः दोन पावलं मागे सरकल्या.

"हातमोजे आहेत. दोन जोड घेतलेत. एक आजचा, एक पुढच्या आठवड्याचा. मधे तेवढं लावून देशील का गं?"