काळ्या माशाचा पंचनामा

बेबीताई डंभारेच्या दुकानातून पहिला मासा घेणं सोपं आहे. अवघड असतं ते दुसऱ्यांदा घेणं. पहिल्यांदा येणाऱ्याला ती स्टूल देते, प्यायला पाणी देते, टाकी कुठं ठेवणार ते विचारते. पण मेलेल्या माशाच्या जागी नवा घ्यायला कोणी आलं, की ती थेट कचेरीतल्या बाबूसारखी कागदपत्रं मागते. कागदपत्रं दोनच लागतात: मेलेला मासा आणि टाकीतलं बाटलीभर पाणी.

"ताई, मासा तर कालच फेकला."

"मंग पानी आना. पानी तं नाई फेकलं ना?"

यवतमाळात माझं झेरॉक्सचं दुकान तिच्या दुकानाला भिंत लावून आहे, त्यामुळे हे पंचनामे मी रोज फुकट पाहतो. ती बाटली हुंगते, परीक्षानळीत औषधाचे थेंब टाकून रंग बघते आणि निकाल देते. खाणं जास्त झालं. फरशी पुसताना फिनाईलचा हात टाकीत गेला. नळाचं पाणी थेट ओतलं. तिच्या निकालावर अपील नाही. वाद घालायला गेलेले मोठमोठे वकील बाटली घेऊन मुकाट परत जाताना मी पाहिले आहेत.

तिच्या पाटीवर मात्र मोठ्या अक्षरात ‘फेंगशुई मत्स्यालय’ लिहिलं आहे. एकदा मी तिला डिवचलं, "ताई, तुमचा तर यावर विश्वास नाही, मग पाटी कशाला?"

"विश्वास नाई असं मी कधी म्हनलं? माहा विश्वास पान्यावर आहे. लोकायचा दिशेवर. दोघं मिळून टाकी चालते."

बाभुळगावजवळच्या शेतकऱ्याची ही मुलगी लग्न होऊन इथं आली ती काच कापणाऱ्या घरात. सासऱ्यांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. नवरा भगवानराव शेतीच्या नादाचा, तो कापूस-तुरीतच रमला. सासरे थकले तेव्हा काच कापायचा हिरा बेबीताईनं उचलला. मग फ्रेमा करवून घेणारे कमी झाले आणि फेंगशुईच्या टाक्या मागणारे वाढले, तेव्हा तिनं टाक्या करायला घेतल्या. आपला हात जगन्नाथ! तिची एकही टाकी गळलेली माझ्या ऐकिवात नाही, आणि हे मी शेजारी म्हणून सांगतो, ज्याला गळलेलं सगळ्यात आधी कळलं असतं.

टाकी बसवायला ती माझ्या मोटारसायकलवर मागे बसून जाते. गिऱ्हाईक मोबाईलमधलं होकायंत्र काढून सांगतं, टाकी ईशान्येलाच हवी. ईशान्येला हमखास पूर्वेची खिडकी असते आणि सकाळचं ऊन थेट आत येतं. त्या उन्हात पाणी हिरवं होतं, मासे उकडतात. बेबीताई नाही म्हणत नाही. ती घराच्या मधोमध उभी राहते, हात लांब करते आणि म्हणते, "ईशान्य म्हंजे कोपराच असं कोनं सांगतलं? इथून तिथवर सारी ईशान्यच आहे." आणि तिची ईशान्य बरोबर ऊन संपतं तिथवर येऊन थांबते.

हळूहळू लोक कुत्र्या-मांजरांसाठीही तिला विचारू लागले. घाटंजीच्या एका गुरुजींनी कुत्र्याचं घर वायव्येला केलं होतं, कारण पुस्तकात तसं होतं. वायव्येला टिनाची शेड होती. मे महिन्यात ते कुत्रं तिथं फिरकेना, माठाच्या तिवईखाली जाऊन पडे. गुरुजींच्या बायकोला त्यात अपशकुन दिसे. बेबीताईनं शेडला हात लावून पाहिला, चटका बसल्यावर म्हणाली, "कुत्र्याले जिथं गार लागते तेच त्याचं वायव्य. घरातलं जनावर निवांत, तं घर निवांत. फेंगशुई म्हंजे आनखी काय असते बाप्पा?" गुरुजींनी कुत्र्याचं घर माठाजवळ आणलं. मला ही व्याख्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त पटते.

एकाच गोष्टीवर मात्र तिचं आणि पुस्तकांचं जमत नाही. टाकीत नऊ मासे ठेवावेत, आठ सोनेरी आणि एक काळा; घरावरचं संकट काळा मासा स्वतःवर घेतो, म्हणून तो मेला तर आनंद मानावा आणि लगेच दुसरा आणावा, असं पुस्तकं सांगतात. बेबीताई नऊ मासे विकते, काळाही विकते. पण कोणी हसत हसत येऊन "आमचं संकट गेलं ताई" म्हणालं, की तिच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

"संकट नाई गेलं. मासा गेला. बाटली आना."

यज्ञेश्वरराव हरदास पहिल्यांदा आले ते अशी बाटली घेऊनच. कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. इतकी नेटकी बाटली दुकानात कधी आली नव्हती. त्यांच्या पत्नी शोभाकाकूंचं आदल्या वर्षी नागपूरला कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागे. पुण्याच्या मुलीनं, ऋचानं, आग्रहानं फोनवरूनच बेबीताईकडून फेंगशुईची टाकी मागवली होती. काकूंचा दिवाण हॉलमध्ये होता, त्याच्यासमोरच बेबीताईची ईशान्य थांबली होती.

तो मार्च महिना होता. आमच्याकडे तेव्हा नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि आला की घरोघरी सण असतो. त्या उत्साहात हरदासकाकाजींनी ताजं पाणी टाकीत ओतलं. काळा मासा गेला, दोन सोनेरी गेले.

"ब्लिचिंग आहे काकाजी. मानसाले बरं, माशाले वाईट. दोन दिवस बादलीत उघडं ठेवा, मंग टाका."

काकाजींनी डायरीत लिहून घेतलं. चार दिवसांनी काकूंचा रिपोर्ट स्वच्छ आला.

जूनमध्ये ते पुन्हा आले. काळा गेला होता. पाण्यात काहीच दोष निघेना. बेबीताईनं नाइलाजानं मासा दिला, पण पंचनामा अर्धवट राहिल्यानं ती दोन दिवस धुमसत होती. रिपोर्ट पुन्हा स्वच्छ आला. सप्टेंबरमध्ये तिसऱ्यांदा तेच. या वेळी मेलेला मासाही स्टीलच्या डब्यात आणलेला होता. बेबीताईनं पाणी हुंगलं. मग मासा तळहातावर घेतला आणि त्याचे कल्ले उघडून उजेडात धरले. ते जळून पांढरे पडले होते.

"बाकीचे आठ कसे आहेत काकाजी?"

"उत्तम."

"या पान्याले ब्लिचिंगचा वास नाई, अन् माशाचे कल्ले जळले. नळाचं पानी रंग पाहून मारते का? हा मासा या टाकीत मेला नाई."

काकाजींनी डब्याचं झाकण लावलं आणि मासा न घेता निघून गेले. मला त्यांची कीव आली आणि खरं सांगायचं तर रागही आला. शिकलासवरलेला माणूस!

डिसेंबरात, नागपूरच्या तारखेला चार दिवस उरले असताना, ते परत आले. हातात बाटली नव्हती.

"मला एक काळा मासा द्या, बेबीताई."

"काहून?"

त्यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "पहिला आपोआप मेला. शोभाचा रिपोर्ट चांगला आला. जूनमध्ये तारीख उद्यावर आली तरी तो मरेना. मी त्याला तांब्यात घेतलं, मागच्या अंगणात नेऊन नळाच्या पाण्याच्या बादलीत सोडलं. रिपोर्ट चांगला आला. सप्टेंबरमध्येही तेच केलं. तुम्ही म्हणाल ते सगळं मला कळतं. पण तीनदा खरं झालंय. चौथ्यांदा मासा नाही ठेवायचा हा प्रयोग मी करू? आणि तो शोभावर करू?"

दुसऱ्या कोणाकडूनही त्यांना मासा घेता आला असता. तसं मी म्हणालोही. त्यावर ते म्हणाले, "आता चोरून होत नाही माझ्याच्यानं."

बेबीताईनं बाटली मागितली नाही. अशी वेळ मी पहिल्यांदाच पाहत होतो. मानला तर देव, नाही तर दगड असं म्हणून मोकळं होता येतं, पण समोरच्या माणसाची बायको त्यात अडकलेली असली की ती म्हण तोंडातून निघत नाही. बेबीताई टाक्यांकडे वळली. मग जाळी घेतली, टपोऱ्या डोळ्यांचा एक लहानसा काळा मासा पकडला, पिशवीत पाणी आणि हवा भरून गाठ मारली.

"सुनीलभाऊ, गाडी काढा," ती मला म्हणाली. "काकाजी, मी घरी येते. मासा मी सोडीन."

हरदासांच्या हॉलमध्ये शोभाकाकू दिवाणावर बसून लसूण सोलत होत्या. पिशवी दिसल्याबरोबर त्यांनी मान वळवली. बेबीताई त्यांच्या पायाशी खाली बसली आणि पिशवी मांडीवर ठेवली.

"काकू, टाकू का नको? तुमी सांगान तसं."

"त्यांना विचारा. मासा त्यांचा आहे."

"टाकीसमोर दिवसभर तुमी असता. मी तुमाले इचारून राह्यली."

काकूंनी सुरी ताटलीत ठेवली. काकाजी दारातच उभे होते. काकूंचं त्यांच्याकडे लक्ष होतं, तरी त्या बेबीताईकडे बघूनच बोलल्या.

"मला झोप लागलीये असं समजून हे तांब्या घेऊन येतात. मी जागी असते. दोन्ही वेळा पाहिलं मी. बोलले नाही, म्हटलं यांना तेवढाच आधार असेल तर असू दे. पण बेबीताई, दर तीन महिन्यांनी या घरात माझ्या नावानं कोणीतरी मरतं. मग मी रात्रंदिवस त्या रिकाम्या जागेकडे बघत बसते. मला वाटतं, आता माझीच पाळी. एक तरी मासा मला जगलेला पाहू द्या हो."

काकाजी तिथंच खाली बसले, उंबऱ्यावर. मी आयुष्यात पहिल्यांदा एका अधीक्षकाला हुंदका देताना पाहिलं आणि सप्टेंबरातला माझा राग कुठल्या कुठं गेला. काकू उठून त्यांच्याजवळ गेल्या. बेबीताईनं कोणाकडेही न बघता पिशवी टाकीत तरंगत ठेवली, पंधरा मिनिटं मोजली आणि मासा सोडला.

नागपूरला निघायच्या सकाळी दोघं रिक्षानं बसस्टँडकडे जाताना दुकानाशी थांबले. मासा जिवंत होता. काकाजींनी घराची किल्ली काउंटरवर ठेवली.

"तीन दिवस लागतील. टाकीकडे बघा."

"जा तुमी बिनधास्त. मी आहे ना."

ते तीन दिवस बेबीताई सकाळ-संध्याकाळ जाऊन येत होती. वरवर नेहमीसारखीच, एका वकिलाला तिनं दारातूनच बाटलीसाठी परत पाठवलं. पण फोन वाजला की दचके. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला हरदासांकडे सोडायला गेलो होतो, तिथंच फोन आला. काकाजींचा आवाज. तिनं स्पीकर लावला.

"बेबीताई, एक लहान गाठ दिसली आहे. औषधं पुन्हा सुरू करायची आहेत. डॉक्टर म्हणतात, वेळेत सापडलंय."

बेबीताईचा चेहरा उतरला. टाकीच्या काचेवर ठेवलेला हात तिनं मागे घेतला. "काकाजी," ती म्हणाली, आणि तिची नजर काळ्या माशावर गेली. तीनदा मासा मेला तेव्हा रिपोर्ट चांगला, आणि तिच्या शब्दावर मासा जगला तेव्हा हे. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला न सांगता कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. ते आलं याची मला आजही लाज वाटते.

"ऐका," काकाजी म्हणाले. "माशाला काही बोलू नका. स्वतःलाही नाही. तो खातो ना? मला शोभाला सांगायचंय. तिनं डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या आल्या तेवढंच विचारलं."

"खाऊन राह्यला काकाजी! चांगला खाऊन राह्यला. थांबा, दाखवते." बेबीताईनं पदरानं डोळे पुसले, व्हिडिओ लावला आणि फोन काचेला टेकवला.

दवाखान्याच्या बाकावर काकू दिसल्या, स्वेटर घातलेल्या, चष्मा कपाळावरून खाली ओढत. त्या पडद्यावर बोट लावून मोठ्यानं मोजू लागल्या. एक मासा सारखा दगडामागे जाई, म्हणून दोनदा चुकल्या. तिसऱ्यांदा काकाजींनीही शेजारून मोजायला सुरुवात केली, आणि नऊ हा आकडा दोघांनी एकदमच म्हटला.