सरगुंडे आणि एकोणीसचा पाढा

आज नात मोबाइल बघत बघत काडीवर सरगुंडा वळत होती. कणकेची वळी तुटली, आणि मी धनजच्या आमच्या ओसरीत जाऊन पोचले. सत्तरच्या दशकातला उन्हाळा. आमरसासोबत खायचे सरगुंडे वळताना मी पाढे म्हणायचे, अशी आईची सक्ती होती. पाढा अडला की माझी बोटंही अडायची.

"तोंड थांबलं त हात काहून थांबते वं?" आई चिडायची.

त्या दुपारी मी 'एकोणीस साते'वर अडले.

"एकशे तेहेतीस," आई म्हणाली. तिच्या हातातली काडी फिरतच होती.

मला नुसता राग आला. शाळेची पायरीही न चढलेली आई रोज माझ्याच तोंडून पाढे शिकत होती, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.