मंगेशदादा नेटवर आला

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. भर दुपारी, इतवारीसारख्या गजबजलेल्या बाजारात, शहाण्या माणसांसमोर मी जो गाढवपणा केला, तो ऐकताना ठसका लागतो.

माझा थोरला भाऊ मंगेशदादा ऑफिसांमध्ये नेट बसवायचा. मी आठवीतच शाळा सोडली आणि त्याच्यामागे वायरी ओढत फिरलो. यंदा होळीच्या आधी दादा गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. डोकं गेलं, हात उरले. ते हात म्हणजे मी!

उन्हाळ्यात कापडवाल्या शेठचा फोन आला. "अंकुश, नेट बंद हाय. दिवा लागून राहिला, पण एक साइट उघडून नाही राहिली. दुपारी दुसऱ्या कंपनीचा माणूस येऊन राहिला. तो म्हणते, जुनं सगळं उपटून फेकू."

जुनं सगळं म्हणजे कोणाचं? दादाचं! त्या ऑफिसातली एकेक वायर त्यानं भिंतीवर सरळ रेषेत मारलेली. वाकडी एकच आहे, ती माझी. दादाच्या हातचं एवढं तरी राहावं, म्हणून मी अशी गाडी दामटली की विचारू नका.

शेठचं ऑफिस गोदामाच्या पोटात, वरच्या मजल्यावर आहे. पांढऱ्या कापडात गुंडाळलेले तागे भिंतीला टेकून उभे असतात. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर माणसंच. आणि कापडात आवाज मरतो. आपण बोललो तरी दुसरंच कोणी हळू बोलल्यासारखं वाटतं. दादा असताना हे मला कधी जाणवलं नव्हतं.

आता एक गोष्ट समजून घ्या. मशीनला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. आपण नाव टाकलं की त्याचा आकडा सांगायला एक डबी लागते. शेठकडे ती दादानं माळ्यावर बसवली होती. मी वर चढलो. डबी बंद! तिची पिन काढून तिथे हिशेब लिहिणाऱ्या वासेकर काकांच्या कुलरची पिन.

"काका, काहून काढली?"

"जीव जाऊन राहिला होता गा गर्मीनं! अन् ते डबडं तं काहीच करत नव्हतं. नुसतं बसून राहे."

मी पिन लावली. डबी जागी झाली. आता तपासणी. दादाची पद्धत साधी होती. स्वतःच्या फोनला त्यानं स्वतःचं नाव दिलं होतं. काम झालं की कॉम्प्युटरवर तेच नाव टाकायचा. खिशातल्या फोननं उत्तर दिलं की म्हणायचा, "हाक मारली, ओ आली. चाल घरी."

मला टाकायचं होतं दुसऱ्याच मशीनचं नाव. बोटांनी सवयीनं 'मंगेश' टाकलं.

उत्तर आलं.

मग दुसरं. मग तिसरं. काळ्या पडद्यावर एकेक ओळ सावकाश उमटत होती, कोणी झोपेत श्वास घ्यावा तशी. कुलर बंद होता, तरी माझ्या पाठीवरचा घाम थंड पडला.

"काका," मी म्हटलं, "दादा ओ देऊन राहिला."

काका आले, वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. "अबे बाप!"

मी जिन्याकडे पळालो. का, ते मलाही माहीत नाही. दादा खाली उभा असेल असं वाटलं. रस्त्यावर हातगाड्या, टेम्पो, शिव्या. दादा नाही. वरून काका ओरडले, "गेला गा! ओ बंद झाली!"

मी धापा टाकत परत वर आलो.

"आला! आला!" काकांचा आवाज फाटला. "तू गेला का तो बी जाते. तू आला का येते. पोरा, तो तुह्या मागंमागं फिरून राहिला!"

मी वळून पाहिलं. पांढरे तागे. त्यातला एक हलकेच सरकला आणि भिंतीला घासत खाली बसला. काकांनी माझा दंड धरला. मी काकांचा धरला.

शेठ मात्र शेठच! ते म्हणाले, "बोलून राहिला ना? मंग विचार त्याले, कॅमेऱ्याचा पासवर्ड काय हाय!"

आणि मी विचारला हो! हात जोडून, ताग्यांकडे तोंड करून. "दादा, शेठले पासवर्ड पाहिजे. अन् तू आम्हाले काही न सांगता काहून गेला?"

त्याच वेळी दुसऱ्या कंपनीचा माणूस ड्रिल घेऊन दारात उभा होता. त्यानं मला पाहिलं, ताग्यांना पाहिलं.

"कोणाशी बोलून राहिला हा?"

"ज्यानं ह्या वायरी लावल्या त्याच्याशी," काका म्हणाले. "होळीच्या आधी वारला तो. पाह्य, ओ देऊन राहिला."

त्या माणसानं पडद्यावर येणाऱ्या ओळी पाहिल्या. "मी उद्या येतो," म्हणाला आणि उतरला. जिन्याच्या पायऱ्या त्यानं बहुतेक गाळल्याच.

मी आईला फोन लावला. मला दम कुठला? "माय, दादा इथं हाय! हाक मारली तं ओ देऊन राहिला!"

तिनं हळूच विचारलं, "बाबू, तू कोणाच्या फोनवरून बोलून राहिला?"

"दादाच्या."

माझा फोन मी दादा गेला त्या दिवशी भिंतीवर आपटला होता. तेव्हापासून त्याचाच वापरतो. ऑफिसचं वायफाय त्या फोनला आधीपासून ठाऊक. डबी सुरू झाली आणि तो माझ्या खिशातून गुपचूप जोडला गेला. मी जिना उतरलो की तो तुटायचा, चढलो की जुळायचा. दादाला हाक मारून मी स्वतःच ओ देत होतो, आणि वर स्वतःलाच घाबरत होतो!

"जेवाले ये," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

शेठ इतके हसले की खुर्ची मागे गेली. मग स्वतः उठून त्यांनी मला पाणी दिलं.

दुसऱ्या कंपनीचा माणूस काही परत आला नाही. दादाच्या वायरी भिंतीवर आहेत, माझी वाकडी धरून. काका म्हणाले, फोनचं नाव बदल. मी 'अंकुश' टाकलं, पण 'सेव्ह' दाबलं नाही.

आता काकांना नवा नाद लागला आहे. मी येणार म्हटलं की ते पडद्यावर दादाला हाका मारत बसतात. मी जिना चढतो, ओळी सुरू होतात, आणि अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल असे ते ओरडतात, "शेठ, भूत आलं! चहा सांगा, साखर जास्त!"