लॅबचाचांचा लाल अंगठा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी लॅबचाचांचं नाव घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हे कोणी मोठे प्राध्यापक असतील. चाचा कारंज्यात आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर होते आणि त्यांचं शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबलेलं होतं. त्यांच्याकडे पाहिलं की पहिल्यांदा नजरेत भरायचा तो उजवा अंगठा. तो बारा महिने लाल असायचा. ईदला नवा कुडता घालून आले तरी अंगठा लालच.

हा लाल रंग कांद्याच्या मुळांना द्यायचा. मुळाच्या टोकाशी पेशी सतत वाढत आणि विभागत असतात, आणि रंग दिल्याशिवाय त्यांच्या आतली गुणसूत्रं दिसत नाहीत. रंगवलेलं टोक काचपट्टीवर ठेवायचं, वर पातळ काच, त्यावर टिपकागद आणि मग अंगठ्याने सरळ दाबायचं. अंगठा जरा सरकला की सगळं विस्कटतं. चाचांचा कधी सरकला नाही. त्यांचे वडील आणि आजोबा रंगरेज होते, लुगडी आणि पागोटी रंगवायचे. तो धंदा बसला तेव्हा चाचा कॉलेजात लागले. "रंगाले घाई चालत नाही, बाबू," असं ते प्रत्येक बॅचला सांगायचे. "कपडा असो का पेशी, आंदी भिजू द्या लागते."

पेशीचं चक्र सर फळ्यावर इंग्रजी नावांनी शिकवायचे. चाचांना ती नावं घेता यायची नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःची ठेवली होती. गुणसूत्रं धाग्यांसारखी दिसू लागली की 'सूत सुटलं'. मधोमध एका रांगेत आली की 'पंगत बसली'. दोन टोकांना ओढली जाऊ लागली की 'वाटणी'. मध्ये भिंत आली की 'दोन चुली'. परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांची नावं विसरणारी मुलंसुद्धा चाचांची विसरत नसत.

मी कामरगावचा. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. बाबांनी कोरडवाहू तीन एकरांच्या भरवशावर मला सायन्सला घातलं होतं आणि आधीच बजावलं होतं की बारावी निघाली नाही, तर केनवडच्या मामाच्या दुकानात बसायचं. मला दुकानाची लाज नव्हती. फक्त तिथून परत फिरता येणार नाही, एवढं कळत होतं.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मला कांद्याचं मूळच आलं. मी स्लाइड केली, भिंगातून पाहिलं, तर नुसत्या लांबट पेशी. पंगत नाही, वाटणी नाही. मी गाइडातल्या चारही आकृत्या पाठ करून गेलो होतो, त्या वहीत सुबक काढल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही पाहिली, मग भिंगात डोळा लावला आणि विचारलं, "वहीतलं यात कुठं आहे?"

मी म्हणालो, "सर, रंग चढला नाही. चाचांनी जुना रंग दिला."

चाचा दोन हातांवर ट्रे घेऊन मागेच उभे होते. आमच्या सरांनी सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं की इतकी वर्षं झाली, साधा रंग करता येत नाही. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "असंल, सर," एवढंच बोलले आणि ट्रे ठेवायला गेले. तरीही माझे गुण वाचले नाहीत. लेखी पेपरही कच्चा गेला होता. जीवशास्त्र राहिलं.

गुणपत्रिका घ्यायला गेलो तेव्हा चाचा नळाखाली काचपट्ट्या धूत होते. मी दुसऱ्या बाजूने निघून जाणार होतो. त्यांनीच हाक मारली आणि पुढे काय करणार म्हणून विचारलं. बाबांनी एक वर्ष दिलं आहे, मी सांगितलं. "मंग तोंड काहून पाडलं? शनिवारी येत जा. येताना मुळं घेऊन ये."

मुळं सकाळी नवाच्या सुमारास कापावी लागत, त्या वेळी जास्त पेशी विभागताना सापडतात, असं चाचांचं म्हणणं होतं. कामरगावची काळीपिवळी भरल्याशिवाय हलायची नाही, मला कारंजा गाठेपर्यंत अकरा वाजत. म्हणून त्यांनी मला औषधाची छोटी बाटली दिली. तिच्यातल्या द्रावात मूळ टाकलं की पेशी होती त्या अवस्थेत थांबते. आमच्या घरी खिडकीत चार ग्लास आणि त्यांच्या तोंडावर चार कांदे बसले. आई शेजारणींना सांगायची, पोराचा अभ्यास पाण्यात ठेवला आहे. शुक्रवारी सकाळी नऊला मी मुळं कापून बाटलीत टाकायचो आणि शनिवारी ते शुक्रवारचे नऊ खिशात घालून गाडीत बसायचो.

तिसऱ्या शनिवारी चाचा माझ्या हाताकडे बघत उभे राहिले. मी रंगवलेलं मूळ काचेवर घेतलं, त्याचा शेवटचा गडद ठिपका सुईने तोडून बाजूला सारला आणि उरलेल्या भागावर काच ठेवली. घरी भाजी निवडताना शेंडे-बुडखे टाकून द्यायची सवय; मला तो ठिपका कुजका वाटायचा. चाचांनी तो टाकलेला ठिपका उचलला, दुसऱ्या पट्टीवर ठेवला, अंगठ्याने दाबला आणि भिंगाखाली सरकवला.

"पाह्य आता."

मी पाहिलं. सूत सुटलेलं होतं, एका पेशीत पंगत बसली होती, एकीत वाटणी चालू होती.

"तू टाकून देलं, त्याच्यातच सारं होतं," चाचा म्हणाले.

परीक्षेत काय झालं होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि चाचांना ते परीक्षेच्या दिवसापासूनच माहीत होतं हेही कळलं. मी भिंगावरून डोळा काढला नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी विचारलं ते भलतंच, की इतक्या पेशींमध्ये विभागणाऱ्या एवढ्या थोड्या कशा? त्यांनीही दुसरं काही ऐकायचं नसल्यासारखं उत्तर दिलं, "बाकीच्या बसून नाही राह्यल्या, बाबू. तयारी करून राह्यल्या. लग्नाची तयारी सहा महिने, अक्षता पाच मिनिटं. माणसं हाय तेवढ्याचीच वाटणी करतात अन् भांडतात. पेशी आंदी वाढते, घरातलं सारं दुप्पट करते, नीट तपासते, मंग वाटते. म्हणून तिथं भांडण नाही."

दुसऱ्या वर्षी परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी जे दिसलं तेच काढलं होतं. बहुतेक पेशी तयारीत, दोन पंगतीत. 'पंगत' तोंडातून गेलंच. परीक्षक हसले आणि हे कोणी शिकवलं म्हणाले. मी चाचांकडे बोट केलं. चाचा बादली उचलून बाहेर निघाले होते.

पुढे पदवी झाली. आज मी नागपूरला एका तपासणी प्रयोगशाळेत काम करतो. माणसांच्या गाठींचे पातळ काप रंगवून डॉक्टरांपुढे ठेवणं हे माझं काम. चाचा निवृत्त झाले. मध्ये त्यांच्या मुलीचा, शबानाताईचा, फोन आला होता. काचबिंदूने अब्बांची नजर जवळजवळ गेली, म्हणाली. मग फोन चाचांनी घेतला आणि अंगठा आता पार पांढरा झाला म्हणून हसले. मी तब्येत विचारली, औषधं विचारली, जे सांगायचं होतं ते राहिलं.

गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

"चाचा, सलाम. हे पत्र शबानाताई तुम्हाला वाचून दाखवतील. घरच्यांसमोर वाचलं जावं म्हणूनच लिहितो आहे, कारण मी बोललो तेही सगळ्यांसमोरच बोललो होतो.

इथं माझ्यापुढे अशाही पेशी येतात, ज्या तयारी करत नाहीत, तपासत नाहीत, नुसत्या वाटत सुटतात. त्या ओळखायच्या तर रंग नीट चढावा लागतो. परवा माझी एक पट्टी फिकी निघाली. डॉक्टरांनी कारण विचारलं. रंग जुना होता, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि घाई केली म्हणून सांगितलं. दुसरी पट्टी केली, भिजू दिली. ती चांगली आली.

तुम्ही त्या दिवशी 'असंल, सर' म्हणालात. तुमच्या घरात तीन पिढ्यांनी रंग केला, आणि माझ्यासाठी तुम्ही तो वाईट आहे असं मान्य केलंत. मी टोक तोडून टाकलं होतं, चाचा. हे तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते ऐकलेलं नाही.

त्या दिवशी तुमचा रंग बरोबर होता."