जोडव्याखालच्या चिखल्या

सांजच्याला ती उंबऱ्यात बसली होती अन् मी तिचा पाय मांडीवर घेऊन पुसत होतो. बोटाच्या एकेका बेचक्यात फडकं घालायचं, वल राहू द्यायची न्हाई, वरून अंबडच्या दवाखान्यातली पावडर टाकायची. ती सारखी दाराकडं बघायची.

"अवं, सोडा. नवऱ्यानं बायकोचे पाय धरायचे म्हंजे मला पाप लागतंय."

"लागू दे. आधी पाय बरा होऊ दे, मंग पाप झाडून टाक."

ती हसली. आमचं साधं बोलणं ते शेवटचं.

मोठा दुष्काळ सरल्यावरची ही गोष्ट. पाऊस सोडत नव्हता. काळ्या रानात अनवाणी निंदून साऱ्याच बायांच्या पायाला चिखल्या व्हायच्या. मेंदी वाटून बोटात भरली की बऱ्या व्हायच्या. हिच्या झाल्या न्हाईत. जोडव्याखाली पाणी साचायचं, कातडं पांढरं पडून सोलायचं, वास यायचा. अंगठ्याचं नख पिवळं, जाड होऊन तुकड्यातुकड्यानं गळायला लागलं.

माझी आई रांडव. ती बी त्याच रानात निंदायची. तिच्या बोटात काही नव्हतं अन् तिचे पाय साफ होते.

अंबडचा डॉक्टर म्हणला, "पावडर देतो, पण आधी जोडवी काढा. ती आहेत तोवर खालचं वाळणार नाही. भेगेतून विष चढलं तर जिवावर बेतेल. आणि हिचं पाय पुसायचं फडकं दुसऱ्या कुणी वापरू नका."

घरी येऊन मी पक्कड घेतली. आई आडवी आली.

"जोडवी नवरा मेल्यावर उतरतेत. मव्हा लेक जित्ता हाय अजून."

"मी मरत न्हाई, माय."

"तुव्हा बाप बी असंच म्हणायचा."

बायकोनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "माझा पाय सडला तरी चालंल. तुम्ही ऱ्हा." मंग मी जोडव्याच्या भवताली पुसत राह्यलो.

उंबऱ्यात पाय पुसला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गुडघ्यापर्यंत सुजला. अंगात ताप. लेकानं गाडी जुंपली अन् जालन्याला निघालो. चिखलात चाक रुतलं, बैल हटंनात. तिथंच गाडीत गेली.

बायांनी न्हाऊ घातलं. आई म्हणली, "सवाष्ण गेली. जोडवी चिंचेनं घासा, चकाकली पायजे." जोडवी सुजलेल्या मांसात रुतल्ती. घासताना कातडं निघालं, तरी बाया घासत राहिल्या. एक म्हणली, "नशीब काढलं बाईनं. नवऱ्याच्या आधी गेली." बाकीच्यांनी माना डोलावल्या अन् माझ्याकडं बघितलं. मी जित्ता होतो, म्हंजे जोडव्यानं काम बराबर केल्तं.

तिला जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून पाणी भरून आली. नवीन लगीन, बोटात जाड जोडवी. बेचक्यात पांढरं दिसलं. मी पक्कड लेकाच्या हातात दिली.

"हिची तोड."

लेक आजीकडं बघायला लागला. आईनं कपाळ बडवून घेतलं. "काल एक मढं गेलं, आज दुसरं पाडतो का? एकुलता एक हाय तुव्हा!"

"मरू दे," मी म्हणलं. "मरतो का बघू. माझ्यापायी एक गेली. ह्याच्यापायी ही नगं."

लेकानं पक्कड उघडली. सून रडत होती, पण तिनंच पाय पुढं केला. पहिलं जोडवं तुटून खाली पडलं. आई अजून बडबडत होती.

"तू लुगडं वर कर," मी आईला म्हणलं. "दाखव हिला तुव्हे पाय. बघ पोरी, रांडवेची बोटं कशी नीट हायत."

आईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

बायकोचं फडकं दोरीवर वाळत होतं. ते काढून मी चुलीत घातलं. माझ्या धोतराचा कोरडा तुकडा टराटरा फाडला अन् सुनेपुढं टाकला.

"बेचक्यात पूस. वल लागली तर परत पूस."