आईचा कुकर आणि अण्णांची पहिली प्रार्थना

आधीच सांगून टाकते, मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. भूत, भानामती, करणी... वर्गात कोणी असलं काही बोललं की त्याला फळ्याजवळ उभं करून बाष्पीभवन समजावून सांगायला लावते. तेव्हा "मॅडम, तुम्हीसुद्धा?" असं कमेंटमध्ये लिहू नका. मला स्वतःलाच लाज वाटतेय. पण झालं ते झालं, आणि तेही दिवसाढवळ्या, दुपारी दीड वाजता, केजला आमच्या स्वयंपाकघरात.

आम्ही ख्रिस्ती. माझी आई सुलोचना गेल्या वर्षी, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या त्या आठवड्यात गेली. आईचा विश्वास म्हणजे बोलका विश्वास. जेवायला बसलं की आधी प्रार्थना, आणि ती प्रार्थना अशी की वरण गार व्हायचं! अन्नाबद्दल आभार एका वाक्यात, पुढे सगळा तालुका. कारखान्यावर ऊस तोडायला गेलेली माणसं, त्यांची लेकरं, घाटातले एसटी ड्रायव्हर, पाळकसाहेबांचा गुडघा, शेजारच्या सुमनकाकूंची म्हैस. गल्लीतल्या बायका तिच्याकडे अर्ज दिल्यासारख्या यायच्या. सुमनकाकू तर म्हणायच्या, "वहिनी, लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलून आलेय मी, पण तुमीबी तुमच्या येशूला सांगून ठिवा. दोनीकडून जोर लागू द्या." आई हसायची आणि खरंच सांगायची. सगळ्यात शेवटी ठरलेलं वाक्य, "आणि ह्यांचं मन मऊ कर, बापा. आमेन."

'हे' म्हणजे माझे वडील, अण्णा. रिटायर्ड लाईनमन. जन्मानं ख्रिस्ती, पण चर्चमध्ये स्वतःच्या लग्नाला गेले ते नंतर थेट आईच्या अंत्यविधीलाच. "मी फकस्त करंटला भेतो," असं म्हणायचे. आईची प्रार्थना चालू असताना हे डोळे टक्क उघडे ठेवून हळूच पापड मोडत बसायचे. आणि तेच अण्णा वादळात खांबावर चढायला गेले की ते घरी येईपर्यंत आई दारात उभी राहून पुटपुटत असायची. मी एकदा चिडून म्हणाले, "अगं, त्यांना सांग ना एकदा प्रार्थना करा म्हणून!" तर म्हणाली, "त्यांना कशाला सांगू? ज्याला सांगायचं त्याला रोज सांगतेय की."

आई गेली आणि अण्णांनी जेवण सोडलं. चार दिवस! चहा, पाणी, फार तर अर्धं बिस्किट. त्यात शुगरचे पेशंट. गल्लीतून डबे यायचे, तसेच्या तसे परत जायचे. मी ओरडले, रडले, माझी शप्पथ घातली. "भूक न्हाई," एवढंच. डॉक्टर म्हणाले, आज जेवले नाहीत तर सरळ ॲडमिट करा. एक गेली, आता दुसरं माणूस माझ्या डोळ्यांसमोर वाळत चाललं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी अण्णा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिच्या कुकरात खिचडी टाक. तेवढी खाईन."

मी धावलेच! तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, वाफ गेली. ताटं मांडली. अण्णा येऊन बसले. आणि झाकण निघेना.

निर्वात पोकळी, मी मनात म्हटलं. सोपं आहे. पुन्हा जरा गरम केला. निघेना. गार पाणी ओतलं. निघेना. सुमनकाकू आल्या, पन्नास वर्षं भाकरी थापलेले हात त्यांचे... त्यांनी कुकर मांडीत धरून असा पिळला की त्याच गरकन फिरून बसल्या, झाकण जागचं हललं नाही. अण्णांनी आपली जुनी पक्कड आणली. हँडलचा टवका उडाला. मग अण्णांनी पक्कड खाली ठेवली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. न्हाई खायचं माझ्या नशिबात." उठायलाच लागले!

"थांबा अण्णा," सुमनकाकू म्हणाल्या. "रूथ, प्रार्थना केली का? वहिनीनं हा कुकर प्रार्थनेबिगर कधी उघडला न्हाई."

"काकू, ॲल्युमिनियमला ऐकू येत नाही."

"तू कर तर!"

केली. अण्णा बसून राहावेत म्हणून केली. दोन वाक्यांची. झाकण ढिम्म.

"लई शॉर्टमधी केली," काकूंनी निकाल दिला आणि अण्णांकडे बघितलं. मीही बघितलं. अण्णा तापले. "माझ्याकडं का म्हून बघतायसा? मला येती का ती?"

काकूंनी कुकर त्यांच्यापुढे सरकवला. अण्णांनी टोपी काढली, कुकरकडे डोळे वटारले आणि सुरू झाले. अहो, सगळी पाठ! तोडकरी, लेकरं, ड्रायव्हर, गुडघा, म्हैस, एकही न गाळता, आईच्याच क्रमानं. इतकी वर्षं पापड मोडत हा माणूस सगळं ऐकत होता! शेवटी घसा खाकरून म्हणाले, "आन् ह्यांचं मन... माझं, म्हंजे... कर काय करायचं ते. आमेन."

मी झाकण ओढलं. नाही.

"कायतरी ऱ्हायलं, अण्णा," काकू कुजबुजल्या.

"काय न्हाई ऱ्हायलं. समदे आले." अण्णा बोटांवर पुन्हा सुरुवातीपासून मोजायला लागले आणि मधेच थांबले. त्यांचा चेहराच बदलला. "रूथ... ही कुठं हाय ह्याच्यात?"

मी आठवून बघितलं. आईच्या प्रार्थनेत आई नव्हती. कधीच नव्हती. आजारी होती तेव्हाही त्या गुडघ्यासाठीच मागत होती.

अण्णांनी डोळे मिटले. मी त्यांना डोळे मिटून प्रार्थना करताना जन्मात पाहिलं नव्हतं. "बापा," ते म्हणाले, "सुलोचना. सुलोचना नाव हाय तिचं. तिनं सोतासाठी कायच मागितलं न्हाई तुला, आन् मीबी कदी मागितलं न्हाई. आली आसंल तिथं. तिला बसव जरा. लई उभी ऱ्हायली ती दारात."

फस्स झालं. कोणाचाही हात नव्हता. झाकण आपसूक सैल होऊन तिरकं झालं. मी झडप घातली, तर अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "आमेन हू दे की आधी!"

दोन ताटं खाल्ली त्यांनी. खाताना रडत होते, खिचडीला मीठ कमी आहे म्हणून मला बोलतही होते. मीही त्यांच्यासमोर बसून मोठ्यानं रडले, आणि काकू आम्हा दोघांना लोणचं वाढत राहिल्या.

नंतर मी कुकर दुकानात दाखवला. काहीही बिघाड नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत कितीदा तरी गरम-गार करून पाहिला, दर वेळी मुकाट्यानं उघडला. तापमान, दाब, रबराचं फुगणं, सगळं कागदावर मांडून झालं. त्याच क्षणी का, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता कोणीतरी खाली लिहिणारच, "मॅडम, गॅस्केट." असेल हो, गॅस्केट असेल! पण माझ्या अण्णांना त्या दुपारी दोन घास खायला घालणारं दुसरं गॅस्केट कोणत्या दुकानात मिळतं, तेवढंही लिहा.