टोमॅटोच्या क्रेटची परीक्षा
माझ्या स्पोर्ट्स कारचा मागचा डावा शॉकअप तुटला, गाडी वळणावर मागून फेकायला लागली आणि बायकोनं तिच्यात बसणंच सोडलं. गॅरेजपर्यंतही, नारायणगावला, ती एसटीनं आली. टोमॅटोच्या पिकअप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना मी कामांची यादी दिली. त्यांनी उजवी बाजू दाबून पाहिली.

"भाऊ, ह्योबी गेलाय. जोडीनंच बदलू."

"यादीत एकच आहे."

"यादी ऱ्हाऊ द्या, राव. गाडी काय म्हणती ते बघा."

दोन्ही नवे बसवल्यावर त्यांनी मागच्या सीटवर पिकलेल्या टोमॅटोचं क्रेट ठेवलं आणि येडगावच्या खड्ड्यांतून गाडी फिरवून आणली. पिकअपवाल्यांची ही नेहमीची परीक्षा; मला ती कधी सुचली नसती. मिस्त्रींनी क्रेट माझ्या बायकोपुढं धरलं. तिनं तळापर्यंत टोमॅटो उलटून पाहिले. एकही फुटला नव्हता. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.